अनुभव धागा: घरच्या जुन्या गाडीचा गंज तुम्ही कसा काढलात?

आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यात अजून बऱ्याच घरात एक तरी जुनी गाडी उभी आहे, कुणाकडं मारुती ८००, कुणाकडं ओम्नी, एखाद्या वाड्यात पद्मिनी, आणि ती विकायला घरातलं कुणीच तयार होत नाही कारण त्याच गाडीतनं बाळंतीण घरी आलेली असते आणि त्याच गाडीतनं आजोबांना दवाखान्यात नेलेलं असतं. इंजिनाचं काही वाटत नाही हो, पार्ट मिळतात, हात घालणारे मिस्त्री पण आहेत. गाडी जाते ती पत्र्यानं. म्हणून हा धागा काढला. ज्यांनी घरच्या गाडीचा गंज काढलाय त्यांनी आपापलं लिहा, गंज कुठं निघाला, पाणी कुठनं शिरत होतं, पत्रा लावला की फायबर, आणि नंतरच्या पावसाळ्यात ते टिकलं का.

पहिलं माझं. वडिलांची ८००, १९९६ चं मॉडेल. ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट पावसाळाभर ओली असायची. समोरच्या काचेचं बीडिंग गेलंय असं सगळे म्हणायचे, ते बदललं तरी पाणी यायचंच. शेवटी एका टिंकर काम (गाडीच्या पत्र्याचं काम) करणाऱ्या वयस्कर मिस्त्रीकडं नेली, ते गाडीभोवती एक फेरी मारून कानडीत म्हणाले "ओळगे नोडी", म्हणजे आत बघा, आणि बॉनेट उघडून वायपरखालची जाळीच काढली. आत आंब्याची पानं कुजून चिखल झालेला. काचेवरचं पाणी ज्या वाटेनं बाहेर पडायला पाहिजे ती वाटच बंद, मग ते फिरून आत फ्लोअरवर. मॅटखालचा नमदा (जाड फेल्ट) उचलला तर पत्रा पापडासारखा तुटून हातात आला. फ्लोअर कापून नवीन घातला, पण त्यांनी आधी दोन दिवस पाण्याची वाट शोधण्यात घालवले आणि मगच कटर हातात घेतला. त्यानंतर आजतागायत मॅट कोरडी आहे. माझं ठाम मत झालंय, पाणी कुठनं येतंय ते कळल्याशिवाय पत्र्यावर एक रुपया घालू नये.

खानापूर, ओम्नी

दादा तुमचं अगदी पटलं. आमच्याकडं सासऱ्यांची ओम्नी आहे, गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये असते, खाली माती. जांबोटीकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे, जूनला लागला की सप्टेंबरपर्यंत जमीन वाळत नाही, आणि ती ओल खालनं गाडीला लागत राहते. त्यात धूळ बसू नये म्हणून वर प्लास्टिकचं कव्हर घातलेलं असायचं. आत वाफ धरून थेंब साचायचे, ते कव्हर काढून टाकल्यावर फरक दिसला. आता खाली फरशीचे तुकडे टाकलेत आणि शेडच्या दोन बाजू मोकळ्या ठेवल्यात.

ओम्नीवाल्यांनी एक बघा, सरकणाऱ्या दाराची खालची पट्टी. लाल माती तिथं घट्ट बसते, वरनं पाणी मारलं की स्वच्छ दिसतं पण आत तशीच. आमचा गंज तिथूनच सुरू झाला आणि पायरीखाली गेला. दुसरं, प्रत्येक दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात, काचेवरनं दारात उतरलेलं पाणी तिथनं बाहेर जातं. ती बुजली की दार आतनं भरतं, गाडी वळताना डुबुक डुबुक आवाज येतो. मी मृगाच्या आधी सायकलची जुनी स्पोक घेऊन सगळी भोकं मोकळी करते. ह्या कामाला पैसे लागत नाहीत, अर्धा तास लागतो, आणि आमच्या ओम्नीची दारं अजून कंपनीचीच आहेत.

चोर्ला घाटातनं कामाला जाणारा

गोव्याला कामाला जाणाऱ्यांसाठी. किनाऱ्याजवळ गाडी उभी राहिली की खारी हवा लागतेच, आणि मीठ एकदा सांध्यात बसलं की ओल धरून ठेवतं, नुसत्या पावसापेक्षा पत्रा लवकर खातं. बरेच जण वरनं धुतात. खालनं धुवा, गोड्या पाण्यानं, चाकाच्या कमानीच्या आतनं पाईप फिरवून. बाकी काही नाही केलं तरी चालेल.

शहापूर

एक विचारायचं होतं. आमच्या झेनला मागच्या चाकाच्या वर फुगे आलेत, एका ठिकाणी फायबर मारून देतो म्हणतात, निम्म्या पैशात आणि एका दिवसात. करावं का?

उद्यमबागला फॅब्रिकेशनमध्ये आहे

शहापूरच्या ताई/दादा, नको. सविस्तर लिहितो कारण हे सगळ्यांनाच लागणार आहे.

गंज मूळच्या लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून पेंट फुगतो. आणि तो बहुतेक वेळा आतल्या बाजूनं येतो. म्हणजे बाहेर फुगा दिसला तेव्हा आत बरंच काही होऊन गेलेलं असतं, रुपयाच्या नाण्याएवढा फुगा असेल तर आत तळहाताएवढं धरा. त्यावर फायबर मारलं तर वर्षभर छान दिसतं, पण मागचा गंज तसाच चालू राहतो आणि पुढच्या वेळी डबल कापावं लागतं. आधी मॅग्नेट फडक्यात गुंडाळून फिरवा, जिथं चिकटत नाही तिथं कुणीतरी पूर्वी पुट्टी नाहीतर फायबर भरलेलं आहे. मग पेचकसनं टोचा. हळूहळू टोचू नका, जोर लावून टोचा, जो पत्रा त्यात जातो तो तसाही गेलेलाच होता.

कापताना चांगला चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापायचं आणि वर बोटभर अजून. नवीन पत्रा सीआर (कोल्ड रोल्ड) घ्या, बाहेरच्या पॅनेलला २२ गेज म्हणजे साधारण ०.७ एमएम, फ्लोअरला २० गेज म्हणजे ०.९. वेल्डिंग सीओटूनंच (सीओटू वायूतलं वायर वेल्डिंग) करून घ्या. गॅसच्या ज्योतीनं केलं की पत्रा तापून लाटा येतात आणि मग त्या लपवायला पुट्टीचा थर, साध्या आर्कनं तर भोकच पडतं. सीओटूनं पण सलग रेघ ओढायची नसते, इकडं एक टाका तिकडं एक टाका, मध्ये गार होऊ द्यायचं. घाई करणाऱ्या माणसाकडं हे काम देऊ नका. काम सुरू करायच्या आधी बॅटरी सोडवली का, सीट आणि नमदा बाहेर काढला का, काम मागच्या बाजूला असेल तर पेट्रोल टाकी उतरवली का, हे तुम्ही स्वतः उभं राहून बघा. शेजारी पाणी-वाळूची बादली आणि लक्ष ठेवणारा एक माणूस पाहिजेच. आणि जीआय (झिंक चढवलेला) पत्रा गंजत नाही म्हणून तोच लावा असा हट्ट कुणी करत असेल तर वेल्डिंगच्या कडेचं झिंक आधी घासून काढायला सांगा, तो पांढरा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, आमच्याकडच्या पोरांना आलेला आहे.

आता हवा. जुलै-ऑगस्टमध्ये बेळगावात उघडा पत्रा रात्रभर ठेवला तर सकाळी पिवळट झालेला असतो. म्हणून हे काम दिवाळी ते होळी, आणि पत्रा ज्या दिवशी घासला त्याच दिवशी इपॉक्सी प्राइमर. पुट्टी प्राइमरच्या वर, थेट पत्र्यावर नाही, कारण ती पाणी ओढते आणि ते पाणी पत्र्याला देते. वॉटर पेपर मारल्यावर उन्हात पूर्ण वाळल्याशिवाय रंग नको. नुसतं रेड ऑक्साइड मारून देणारे आहेत, ते घराच्या गेटला ठीक आहे. सांध्यांना सीम सीलर, आणि रनिंग बोर्डच्या (दाराखालच्या लांब पोकळ पट्टीच्या) पोकळीत आतनं वॅक्स, ते भोकांतनं नळी घालून मारता येतं. हा आतला भाग दिसत नाही म्हणून सगळे सोडतात, पण गाडी परत गंजते ती इथूनच.

रस्ट कन्व्हर्टरबद्दल पण विचारतात. फॉस्फोरिक आम्ल असतं त्यात, वरवरचा गंज काळा करून थांबवतं, चांगलं आहे. पण जिथं पापुद्रे सुटतायत तिथं त्याचा उपयोग शून्य. तसंच गंजावर थेट काळं अंडरबॉडी कोटिंग मारून घेऊ नका, ओल आत कोंडली जाते.

शहापूर

खूप आभार अण्णा. आज मॅग्नेट फिरवून बघितलं, डाव्या बाजूला दोन ठिकाणी चिकटतच नाही. आमच्याआधीच्या मालकानं भरलेलं दिसतंय. कापायचंच ठरवतोय.

निपाणी, अम्बॅसेडर

आमची गोष्ट पुराची. ऑगस्ट २०१९ ला वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ हायवेवर आलं तेव्हा आमच्या पाहुण्यांच्या गावात गाडी अडकली आणि दारांच्या अर्ध्यापर्यंत पाण्यात राहिली. पाणी उतरल्यावर वरनं धुतली, इंजिन सुरू झालं, सगळ्यांना आनंद झाला. पण पुराचं पाणी नुसतं पाणी नसतं, त्यात गाळ असतो, तो रनिंग बोर्डमध्ये, दारात, छत धरणाऱ्या खांबांच्या मुळाशी जाऊन बसतो आणि महिनोन्महिने ओला राहतो. आमच्या गॅरेजवाल्या मामांनी ते ओळखलं. सीट, कार्पेट, नमदा सगळं बाहेर. नमदा तर पिळला तरी पाणी संपेना, तो फेकून नवीन घातला. फ्लोअरची रबरी बुचं काढली आणि रनिंग बोर्डच्या एका टोकाला पाईप लावून दुसऱ्या टोकानं स्वच्छ पाणी येईपर्यंत सोडत राहिले, तासन्तास काळं पाणी येत होतं. मग दारं उघडी टाकून गाडी उन्हात.

तरीपण मधल्या खांबाच्या मुळाशी दोन वर्षांनी फुगे आलेच, तिथं कापून पत्रा लावला. बाकी गाडी वाचली. ज्यांच्या गाड्या तेव्हा नुसत्या वरनं धुतल्या गेल्या त्यातल्या काही आमच्या डोळ्यांदेखत भंगारात गेल्या, वाईट वाटतं. पूर येऊन गेला की पहिल्या आठवड्यात नमदा काढा, एवढंच कळकळीनं सांगतो. २०१४ ला अम्बॅसेडर बनणंच बंद झालं, गेलेला पत्रा परत कुठनं आणणार.

चिकोडी, ऊसवाला

आमच्याकडं वेगळा प्रकार करतात, लहान पार्टसाठी. मळी, म्हणजे साखर कारखान्यातलं मोलॅसिस. जनावरांच्या खाद्यात घालायला मिळते तीच. एक भाग मळी नऊ भाग पाणी, प्लास्टिकच्या पिंपात, त्यात दाराच्या बिजागऱ्या, बंपरचे ब्रॅकेट, नटबोल्ट बुडवून ठेवायचे. आठवडा-दोन आठवडे लागतात, पण गंज सुटून येतो आणि चांगलं लोखंड खराब होत नाही. वरनं फेस येतो आणि वास असा सुटतो की पिंप घरापासून लांब ठेवावं लागतं. काढल्यावर लगेच धुवा, वाळवा, प्राइमर मारा, नाहीतर तासाभरात परत लाली चढते. ॲल्युमिनियमचं काही त्यात घालू नका, ते खाल्लं जातं, कार्बोरेटर वगैरे तर अजिबात नाही. बॉडीला अर्थात हे जमत नाही, पण १९९४ च्या ८०० च्या बिजागऱ्या अशा केल्या आणि दार आता एका बोटानं लागतं.

टिळकवाडी, पद्मिनी

मी सत्तरी ओलांडलेला माणूस आहे, टाइप नातवानं केलंय. पद्मिनी १९८२ ची, घरात नवीन आलेली, पहिल्यांदा आईला बसवून कपिलेश्वरला नेली होती. वरच्या सगळ्यांनी पत्र्याचं चांगलं लिहिलंय, मी दोन गोष्टी सांगतो ज्या कुणी बोलत नाही.

एक, चासी नंबर. तो ज्या पत्र्यावर पंच केलाय त्याला कटर लागू देऊ नका, कितीही गंजला तरी. आरसी रिन्यू करताना गाडी दाखवावी लागते आणि त्या नंबरचा पेन्सिलनं ठसा घेतात. आकडे गंजानं पुसट झाले की तिथंच सगळं अडतं. बारीक पितळी ब्रशनं साफ करून वर ग्रीस लावून ठेवा. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी रिन्यू करायचं असतं, कारची केंद्राची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० ची ५००० झाली, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना १०,००० केली. एवढं भरून गाडी ठेवतो आहोत तर तिचा नंबर वाचता आला पाहिजे. रंग बदलणार असाल तर तेही आरसीवर चढवून घ्यावं लागतं, आम्ही म्हणून जुनाच रंग ठेवला.

दुसरं, अर्थिंग. पत्रा नवीन झाला, रंग छान झाला आणि दिवे मंद. बॉडीला जिथं अर्थची वायर बसते तिथं रंगाचा थर आला होता. तेवढी जागा खरवडून वायर घट्ट केली, वर पेट्रोलियम जेली लावली, दिवे लख्ख. मिस्त्रीला गाडी ताब्यात घेतानाच विचारा.

खानापूर, ओम्नी

काका, अर्थिंगचं वाचून आत्ता शेडमध्ये जाऊन बघून आले, आमच्या ओम्नीचा उजवा दिवा वर्षभर मंद आहे. वायरखाली हिरवं-पांढरं साचलंय. उद्या खरवडते.

आणि उद्यमबागच्या अण्णांना विचारायचं होतं, जॅक जिथं लावतो तिथला पत्रा थोडा आत दबतोय, चालेल का अजून एक पावसाळा?

उद्यमबागला फॅब्रिकेशनमध्ये आहे

नाही ताई, तिथं थांबू नका. ओम्नी, ८०० ह्या गाड्यांना वेगळी चासी (खालचा सांगाडा) नसते, बॉडीच भार घेते, आणि जॅकची जागा दबते म्हणजे आतली पट्टी गेलेली आहे. तोपर्यंत पंक्चर झालं तर त्या जागी जॅक लावून गाडीखाली कुणालाही जाऊ देऊ नका. पुढच्या-मागच्या दोन्ही जागांचे खालनं फोटो टाका, नमदा उचलून आतनं पण एक. कितपत कापायला लागेल ते बघून सांगतो.