सोनोग्राफीत गाठ दिसली नाही, तरी बायोप्सी?
"पीएसए वाढलंय, पण सोनोग्राफीत गाठ नाही, मग वडिलांना बायोप्सीचा त्रास कशाला?" हा प्रश्न रास्तच आहे. पीएसए म्हणजे प्रोस्टेट या पुरुषांमधल्या ग्रंथीत बनणारं प्रथिन; रक्तात ते वाढलं की कॅन्सरची शंका येते, म्हणून बायोप्सीत ग्रंथीचे तुकडे काढून तपासतात. पण इथे सोनोग्राफीचं मुख्य काम सुईला वाट दाखवणं. बोटाएवढा प्रोब गुदद्वारातून आत सरकवतात, पडद्यावर प्रोस्टेट दिसते आणि ठरलेल्या जागांवरून साधारण 12 बारीक तुकडे घेतात. कॅन्सरच्या बऱ्याच गाठी आजूबाजूच्या भागासारख्याच करड्या दिसतात, म्हणून निसटतात.

त्यामुळे आधी एमआरआयबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या प्रिसिजन चाचणीत 500 पुरुष होते. आधी एमआरआय केलेल्या गटात 38 टक्के जणांत उपचार लागेल असा कॅन्सर सापडला, थेट सोनोग्राफीच्या मदतीने बायोप्सी करायच्या नेहमीच्या पद्धतीत 26 टक्के. शिवाय एमआरआय गटातल्या 28 टक्के जणांना बायोप्सी लागलीच नाही! आणि हो, वडिलांना रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर तेही आधीच सांगा.