पायथनमध्ये 'क' पासून पुढची अक्षरं काढतोय, मधेच टिंबवाला न कुठून आला?

अर्धा_कंस:
मंडळी, एक जुनी पीएचपी स्क्रिप्ट पायथनमध्ये आणतोय. काम साधंच आहे, रिपोर्टच्या परिशिष्टांना लेबलं द्यायची. जुन्यात ए बी सी होतं, व्हेरिएबलला नुसतं प्लस प्लस केलं की झालं, झेडच्या पुढे आपोआप एए यायचं. आता लेबलं क ख ग हवीत. पायथनात स्ट्रिंगमध्ये एक मिळवायला गेलो तर तोंडावर टाइप एरर, मग ऑर्डने नंबर काढला, एक मिळवला आणि सीएचआरने परत अक्षर केलं. क ख ग घ आलं, मी खुश, पण पुढे बघतो तर हे:

द ध न ऩ प फ

तो चौथा बघा, खाली टिंब आहे! फॉन्टचा घोळ असेल म्हणून दोन फॉन्ट बदलून झाले, काही फरक नाही.

जुना_लूप:
फॉन्ट बिचारा निर्दोष आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला नंबर देणाऱ्या यादीत, क २३२५ वर, न २३४४ वर आणि प २३४६ वर, मधल्या २३४५ वर तो टिंबवाला न बसलाय. तसाच र नंतर ऱ येईल आणि ळ नंतर ऴ, अजून तिथवर पोचला नाहीस म्हणून दिसलं नाही. आणि ळ आपण म्हणतो ह नंतर, युनिकोडने टाकलाय ल ला चिकटून. ह च्या पुढे गेलास तर अक्षरच नाही, मात्रेचं चिन्ह येतं. इंग्रजीतही हेच की, स्मॉल झेड १२२ आणि १२३ वर महिरपी कंस. तू कोड पॉइंट, म्हणजे यादीतला नंबर वाढवतोयस, अक्षर नाही.

डॉलर_अंडरस्कोर:
पीएचपीतलं ते प्लस प्लस पर्ल या दुसऱ्या भाषेकडून आलंय, त्यात हातचा धरतात. एझेडचं बीए, ए९ चं बी०. रुबी भाषेत त्यासाठी सक्सेसर (पुढचं काढून देणारी) मेथड आहे. पण पर्ल आणि पीएचपीत ही जादू साध्या इंग्रजी अक्षरांना आणि आकड्यांनाच लागू, क ला नाही. आणि उलटं जात नाही, पर्लमध्ये बीए ला मायनस मायनस केलंत तर एझेड नाही, उणे एक हातात येतं 😄

पीएचपीत मी एकदा ए पासून "झेडपेक्षा लहान किंवा बरोबर" असा लूप लावला होता, २६ ओळी येतील म्हणून बसलो तर आल्या ६७६. झेडनंतर एए होतं आणि स्ट्रिंग म्हणून एए झेडपेक्षा लहानच, त्यामुळे गाडी वायझेडपर्यंत पळत राहिली.

जुना_लूप:
तर @अर्धा_कंस, तुला हव्या त्या क्रमाने अक्षरांची यादी स्वतः लिही आणि फक्त नंबर वाढव. ङ आणि ञ हवेत का? आणि यादी संपली की पुढे काय?

अर्धा_कंस:
ङ ञ नकोत, कोणी वापरत नाही. संपली की कक, कख असं. यादी केली, सगळी अक्षरं एका स्ट्रिंगमध्ये लिहून लिस्ट फंक्शनला दिली, पण शेवटी क्ष च्या जागी क, मग सुटा पाय मोडका, मग ष असं तीन वेगळं आलं 😭 ज्ञ चं पण तेच

जुना_लूप:
येणारच, क्ष म्हणजे पायथनच्या लेखी लांबी ३. एकेक अक्षर वेगळ्या अवतरणचिन्हात टाकून लिस्ट कर. ङ ञ वगळून क ते ह ३१, मग ळ क्ष ज्ञ, झाले ३४. आता नंबरातून आधी १ वजा कर, मग ३४ ने भाग, बाकीवरून शेवटचं अक्षर घे, भागाकार शून्य होईपर्यंत हेच परत. ते १ वजा करणं *प्रत्येक फेरीत* हवं, कारण या मोजणीत शून्य नाही. एक्सेलचे कॉलम असेच चालतात, शेवटचा एक्सएफडी म्हणजे १६३८४ वा. तपासायला: ३४ ला ज्ञ, ३५ ला कक, ६८ ला कज्ञ, ६९ ला खक.

डॉलर_अंडरस्कोर:
आणि डेटाबेसमध्ये लेबल नका ठेवू, नंबर ठेवा. लेबलवर सॉर्ट केलंत तर कक येईल ख च्या आधी.

अर्धा_कंस:
चारही बरोबर आले! पहिल्यांदा ३५ ला खक येत होतं, वजा एक लूपच्या बाहेर राहिलं होतं. सॉर्टचं सांगितलंत ते बरं झालं, मी लेबलच सेव्ह करत होतो, आता ते बदलायला बसतो.