पूक्को: चाकू, सुरी की खंजीर?

विचारणा
फिनलंडमधल्या रानभटकंतीवरचा लेख मराठीत आणतोय. त्यात पानोपानी पुक्को येतो. लाकडी मुठीचा, कमरेला लटकवायचा, आखूड पात्याचा. संपादकांनी 'फिनिश खंजीर' सुचवलंय, ते खटकतंय. नुसतं 'चाकू' लिहिलं तर वाचक थेट स्वयंपाकघरात पोचतो. शिवाय पुक्को की पूक्को?

प्रतिसाद
पूक्को. फिनिशमध्ये ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ बदलतो, आणि इथे ऊ दीर्घ, क दुहेरी. देवनागरीत दोन्ही फुकटात मिळतंय तर सोडायचं कशाला? लिंग पुल्लिंगच ठेवा, रूपंही फोटो-रेडिओसारखी: पूक्कोचं पातं, पूक्कोने तासलं.

प्रतिसाद
खंजीर नकोच. मराठीत तो पाठीतच खुपसला जातो! पूक्कोला परज, म्हणजे मूठ आणि पात्यामधली आडवी पट्टी, नसते. पातं एकधारी, साधारण तळहाताच्या रुंदीएवढं, म्हणजे ८-१० सेंटिमीटर. काम काय, तर लाकूड तासणं, मासा साफ करणं, दोर कापणं. दोन्ही अंगांचा उतार सपाट जाऊन थेट धारेला मिळतो. त्यामुळे धार लावताना कोन अंदाजाने धरावा लागत नाही, अख्खा उतार दगडावर टेकवला की झालं. ओल्या सरपणाच्या पोटातली कोरडी काडी तासून तिच्या ढलप्या काडीलाच लटकत्या ठेवायच्या आणि त्या पेटवायच्या, ही तिथली जुनी रीत. अशा काडीला 'किएहिनेन' म्हणतात. तुमच्या लेखात ती येणारच, तेव्हा 'ढलपी' हा आपला शब्द वापरा, इंग्रजी 'फेदर स्टिक'वरून उगाच 'लाकडी पिसे' करू नका.

उपप्रतिसाद
थोडा विरोध. एकोणिसाव्या शतकात फिनलंडच्या ऑस्ट्रोबोथ्निया भागात चाकूबाज गुंडांनी दहशत माजवली होती. त्यांचं नावच 'पूक्कोयुंक्कारी'. 'पूकोत्ता' म्हणजे भोसकणं. शिवाय 'पू' म्हणजे लाकूड, त्यावरून पूक्को, ही एक व्युत्पत्ती झाली. जुन्या जर्मन बोलीतल्या खंजीरवाचक शब्दापासून पूक्को आला असंही एक मत आहे. मग संपादकांचं इतकं काय चुकलं?

उपप्रतिसाद
भोसकाभोसकी आपल्याकडे सुरीनेही होते, म्हणून कोणी सुरीला खंजीर म्हणत नाही. व्युत्पत्ती काहीही असो, लेखातला माणूस त्याने काड्या तासतोय.

प्रतिसाद
माझं मत: पहिल्यांदा 'पूक्को हा फिनिश चाकू' आणि पुढे नुसतं पूक्को. चाकू-सुरीला फिनिशमध्ये 'वेइत्सी' हा वेगळा शब्द आहे, म्हणजे हा फरक ते लोकही करतात. रशियनांनी त्याला 'फिन्का', म्हणजे 'फिनिशवाली', म्हटलं, तशी सोय आपल्याला नाही.

बाकीच्या शब्दांचंही बघा. 'तुप्पी'ला, म्हणजे पूक्को ठेवायच्या आवरणाला, म्यान म्हटलं की तलवार आठवते. ते चामड्याचं, कमरपट्ट्याला लोंबणारं आणि मुठीचा बराचसा भाग गिळणारं असतं. चष्म्याला घर असतं तसं 'पूक्कोचं घर' चालेल. मूठ पुष्कळदा बर्चच्या लाकडाची, किंवा त्याच्या सालीचे चौकोन एकावर एक दाबून केलेली. बर्च म्हणजे भूर्जाचाच भाऊबंद, तेव्हा 'भूर्जसालीची मूठ' लिहायला हरकत नाही. हिमालयातला भूर्ज मात्र वेगळ्या जातीचा.

आणि लेखात कोणी फांद्या तोडत किंवा लाकडं फोडत असेल तर मूळ शब्द पुन्हा तपासा. तो 'लेउकू' असण्याची शक्यता जास्त. उत्तरेकडच्या लॅपलँडमधल्या सामी या मूळ रहिवाशांचा, पूक्कोच्या दुपटीहून लांब पात्याचा. आपल्या कोयत्याचं काम तो करतो, पण पातं वाकडं नसतं, म्हणून 'कोयता' नको. पूक्कोच्या मुठीत पात्याचं निमुळतं शेपूटच गेलेलं असतं, म्हणून लाकूड फोडायला त्याच्या पात्याच्या पाठीवर ठोके घालणं बरं नाही.

विचारणाकर्ता
आभार. तपासलं, सरपणाच्या परिच्छेदात लेउकूच आहे. 'घर' आणि 'ढलपी' घेतले. संपादकांना 'खंजीर' काढायला सांगतो. मथळ्यातही आहे तो.