‘द डिसायपल’मध्ये शरद नेरुळकरवर अन्याय झाला आहे का?

कृष्णाकाठ (सांगली)

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ गेल्या आठवड्यात पाहिला. व्हेनिसच्या महोत्सवात २०२० साली पटकथेचे पारितोषिक मिळवलेला हा चित्रपट पुढच्या वर्षी नेटफ्लिक्सवर आला, तेव्हा त्यावर पुष्कळ लिहिले गेले होते. परंतु मी वाचलेले बहुतेक लेखन त्याच्या शैलीविषयी होते आणि माझा प्रश्न कथानायकाविषयी आहे. ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी पुढे वाचू नये, कारण शेवटाबद्दल बोलल्याशिवाय हा प्रश्न मांडता येत नाही.

शरद नेरुळकर हा मुंबईतला तरुण ख्यालगायक आहे. वडिलांचे अपुरे राहिलेले गाणे त्याच्या वाट्याला आले आहे. तो वृद्ध गुरुजींची मनोभावे सेवा करतो, जुन्या ध्वनिफिती सीडीवर उतरवण्याचे किरकोळ काम करून खर्च भागवतो, रात्री मोटारसायकलवरून जाताना माई नावाच्या दिवंगत गायिकेची व्याख्याने कानात घालून ऐकतो, आणि इतके सगळे करूनही मोठा गायक होत नाही. त्याच्या अपयशाबद्दल माझी तक्रार नाही, कारण बहुतेकांचे असेच होते. तक्रार ही की, दोन तासांहून अधिक चालणाऱ्या या चित्रपटात त्याला गाण्याचा निखळ आनंद झाला आहे, असा एकही क्षण मला आढळला नाही. स्पर्धेत त्याला काही मिळत नाही, गुरुजी त्याच्या चुका काढत राहतात, आणि पुढे वय वाढल्यावर तो यूट्यूबवर आपल्या गाण्याखालचे शेरे वाचत बसतो.

आमच्या सांगली-मिरजेत असे शरद पुष्कळ आहेत. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकेपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षांची तयारी करून घेणारे, गणेशोत्सवात आणि एखाद्या पुण्यतिथीच्या कार्यक्रमात पाऊण तास गाणारे, वृत्तपत्रात कधीही नाव न आलेले हे लोक माझ्या पाहण्यात तरी शरदइतके कडवट नाहीत. परंपरा टिकते ती दोन-चार थोर गायकांमुळे जितकी, तितकीच यांच्यामुळेही. मग दिग्दर्शकाने जे दाखवले ते खरे मानावे, की शरदला मुद्दाम कोरडे ठेवले आहे असे म्हणावे?

यवतेश्वर (सातारा)

मी साताऱ्यात गायनाचे वर्ग घेतो, म्हणजे आपण वर्णन केलेल्या लोकांतलाच एक आहे, आणि तरीही चित्रपट मला अन्यायकारक वाटला नाही. शरदचा कडवटपणा अपयशातून आलेला नसून, त्याने यशाची जी व्याख्या उसनी घेतली आहे तिच्यातून आला आहे, असे माझे मत आहे. माई आपले गाणे ध्वनिमुद्रित होऊ देत नाहीत, श्रोत्यांची पर्वा करत नाहीत, आणि या वाटेवर येणाऱ्याने एकटे व उपाशी राहायची तयारी ठेवावी असे बजावतात. ही भाषा ज्याच्याकडे तेवढा गळा आणि तेवढी बुद्धी आहे त्याला कदाचित शोभेल. शरदने माईंचा कठोरपणा उचलला. त्यामागचे गाणे त्याला उचलता येण्याजोगे नव्हते. आपल्या ओळखीचे शिक्षक समाधानी असतील, तर त्यांच्या कानात रोज रात्री कोणी माई बोलत नाही, हे त्याचे एक कारण असू शकते.

सर्वांत जास्त अस्वस्थ केले ते विद्यार्थ्याच्या आईच्या प्रसंगाने. मुलाला महाविद्यालयाच्या फ्यूजन बँडमध्ये गायचे आहे, तेव्हा परवानगी असावी, एवढेच ती विचारते, आणि शरद त्या दोघांचा ज्या भाषेत अपमान करतो ती ऐकवत नाही. असे प्रश्न आमच्याकडे नेहमी येतात. दहावीला शास्त्रीय कलांच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळू लागल्यापासून कित्येक पालक पहिल्याच भेटीत कोणती परीक्षा दिली म्हणजे किती गुण मिळतात, ते विचारतात. राग येतो, हे कबूल आहे. परंतु त्या गुणांसाठी आलेल्या मुलांपैकी काही जण भूपासारखा राग शिकता शिकता त्यात रमतात आणि दहावी झाल्यावरही येत राहतात. त्यामुळे दारातच कोणाला हाकलून देणे मला परवडणारे नाही, आणि पटणारेही नाही. शरदला हे दिसत नाही. त्याला ते दिसत नाही हे मात्र दिग्दर्शकाला पक्के ठाऊक आहे, आणि म्हणून मी याला अन्याय म्हणणार नाही.

जवारी (मिरज)

दोन्ही मते वाचली. कृष्णाकाठ यांना आनंदाचा क्षण सापडला नाही असे ते म्हणतात. मला तो रात्रीच्या मोटारसायकलच्या दृश्यांत सापडला. रस्ते मोकळे आहेत, दृश्याची गती संथ केलेली आहे, खाली तंबोरा अखंड चालू आहे आणि वर माईंचा आवाज आहे. (तो आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा आहे, हे मला नंतर समजले. चित्रपट नेटफ्लिक्सवर आला त्याच महिन्यात, एप्रिल २०२१ मध्ये, त्यांचे निधन झाले.) शरदला तेथे गायचे नसते, कोणाला काही सिद्ध करून दाखवायचे नसते, आणि चित्रपटभर तो तेवढ्याच वेळी मोकळा दिसतो. दूरचित्रवाणी संचाच्या लहान ध्वनिक्षेपकांवर खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या स्वराची, तार जवळजवळ नाहीशी होते आणि मग ही दृश्ये नुसती लांबलेली वाटतात, म्हणून ती चांगल्या हेडफोनवर ऐकावीत. ज्या गावात तंबोऱ्याची घोडी घासून जवारी (तारेचा गुंजणारा नाद) काढण्यात माणसांच्या पिढ्या गेल्या, आणि ज्याच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेथल्या माणसाने एवढा आग्रह धरला तर तो क्षम्य मानावा.

माझा आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे. दुर्मीळ ध्वनिमुद्रणे जमवणारा तो संग्राहक माईंविषयी आणि गुरुजींविषयी एकापाठोपाठ एक वाईट गोष्टी सांगत जातो, आणि शरद त्याच्या तोंडावर पाणी फेकून निघून जातो. त्या गोष्टी खऱ्या की खोट्या, हे पुढे कळत नाही. शंका शरदच्या मनात कायमची राहावी म्हणून ते मोघम ठेवले असावे, हे मला समजते. तरीही प्रसंग इतका प्रभावी झाला आहे की प्रेक्षक त्या संग्राहकावर विश्वास ठेवूनच पुढे जातो. आमच्याकडे गाण्याच्या बैठकीनंतर चहाच्या वेळी अशी माणसे हमखास भेटतात. त्यांना तारखा पाठ असतात, कोणी कोणाला काय बोलले तेही पाठ असते, आणि त्यातले निम्मे ऐकीव असते. ही दुसरी बाजू पडद्यावर यायला हवी होती.

कोयनेकाठचा (कराड)

मला संगीतातले काही कळत नाही, त्यामुळे माझे मत त्याच बेताने घ्यावे. घरातल्या सर्वांसोबत चित्रपट सुरू केला होता. अर्ध्यावर बाकीचे उठून गेले आणि मी नेटाने शेवटपर्यंत पाहिला. ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ मला फार आवडला होता. एका शाहिराच्या गाण्यामुळे सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप ठेवला जातो आणि तारखांवर तारखा पडत राहतात. त्यातला संथपणा मला समजला, कारण न्यायालयाची पायरी चढलेल्या प्रत्येकाला तो ठाऊक असतो. येथे मात्र शरद चांगला गातो की वाईट, हेच मला शेवटपर्यंत कळले नाही. ‘कट्यार काळजात घुसली’ पाहताना कोण वरचढ आहे ते माझ्यासारख्यालाही समजत होते. संगीत न जाणणाऱ्याने हा चित्रपट कसा पाहावा, हे कोणी सांगेल का?

यवतेश्वर (सातारा)

‘कट्यार’मध्ये ते समजते, कारण तेथे ते समजावून सांगण्याची सोय केलेली आहे. खाँसाहेबांच्या भूमिकेत सचिन पिळगावकर दिसतात आणि आवाज राहुल देशपांडे यांचा येतो. अभिनय आणि गायन दोन्ही ठसठशीत असल्यामुळे ऐकणाऱ्याला संशय उरत नाही. ‘द डिसायपल’मध्ये शरदचे काम करणारे आदित्य मोडक आणि गुरुजी झालेले अरुण द्रविड हे दोघेही शास्त्रीय गायक आहेत, त्यामुळे येथे फरक हावभावांत न शोधता गाण्यात शोधावा लागतो. आपण एवढेच करून पाहावे : गुरुजी गात असताना त्यांना कसलीही घाई नसते, आणि शरद गात असताना पुढे काय करायचे याचा हिशोब त्याच्या चेहऱ्यावर चालू असतो. राग ओळखता आला नाही तरी ही अस्वस्थता कोणालाही दिसते. शरद बेसूर नाही, मेहनतीत कमी नाही, आणि तरीही त्याचे गाणे पकड घेत नाही. याला काय म्हणायचे ते वर्ग घेणाऱ्या आम्हा लोकांनाही नीट सांगता येत नाही, आणि विद्यार्थ्याला तर मुळीच सांगता येत नाही.

कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांचे आभार. मोटारसायकलच्या दृश्यांविषयी जवारी यांचे म्हणणे मान्य आहे, परंतु तो आनंद ऐकण्याचा आहे, गाण्याचा नव्हे, आणि माझा प्रश्न गाण्याच्या आनंदाचा होता. यवतेश्वर सरांनी उसन्या व्याख्येचा जो मुद्दा मांडला तो मला अधिक पटला. तसे पाहिले तर शेवटी मैफल अर्ध्यावर सोडून शरद उठतो, ती त्याने पहिल्यांदाच स्वतःच्या मनाने केलेली गोष्ट ठरते.

मात्र त्यानंतरच्या लोकलच्या प्रसंगाबाबत मी अजून अडून आहे. पत्नी आणि मुलीसोबत बसलेल्या शरदसमोरून एक फिरता गायक एकतारीसारखे वाद्य घेऊन गात जातो. न शिकलेल्या माणसाकडे सहजता आहे आणि शिकलेल्याकडे नाही, असा त्याचा अर्थ बहुतेक जण लावतात. तो अर्थ मला फार सोपा वाटतो, आणि त्या गायकावरही अन्याय करणारा वाटतो, कारण त्यालाही कोणीतरी शिकवलेच असणार.

जवारी (मिरज)

लोकलच्या प्रसंगाचा मी तसा अर्थ लावला नव्हता. तो गायक डब्यातून पुढे निघून जातो आणि शरद त्याच्याकडे नुसता पाहतो. त्याच्या गाण्याला तो चांगले किंवा वाईट काहीच म्हणत नाही. त्याआधीच्या दोन तासांत ज्याचे त्याचे गाणे, स्वतःचेसुद्धा, मापत बसलेला हाच माणूस आहे.