आईचं वय ७४, टीएसएच ७.८, डॉक्टर थायरॉईडची गोळी नको म्हणतात. थांबावं का?

नमस्कार मंडळी,

आईच्या रिपोर्टमध्ये टीएसएच (थायरॉईड कमी पडू लागली की वाढणारं संप्रेरक) ७.८ आलाय, फ्री टी४ (रक्तातलं थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईड ग्रंथीचं संप्रेरक) नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, आत्ता गोळी नको, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. आई मात्र नाराज आहे. कारण माझ्या धाकट्या बहिणीचा टीएसएच तिच्यापेक्षा बराच कमी असूनही दिवस गेल्याचं कळताच तिचा डोस वाढवला. "म्हातारीचं कोण बघतंय," असं आईचं म्हणणं.

बहिणीचं कारण मला पटलंय. सुरुवातीचे महिने बाळाची थायरॉईड ग्रंथी काम करत नसते, त्याच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉक्सिनवरच होते. (ज्यांच्याकडे बाळ येणार आहे त्यांनी जन्मानंतर टाचेतून रक्त घेऊन करायची थायरॉईडची तपासणी आवर्जून मागून घ्या, ती सगळीकडे आपोआप होत नाही. जन्मजात कमतरता असेल तर पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू व्हावं लागतं, उशीर झाला तर बुद्धीवर कायमचा परिणाम होऊ शकतो.)

आईचं मात्र कळत नाही. उतारवयात टीएसएच थोडा चढतोच म्हणतात. ६५ च्या पुढच्या अशाच रुग्णांवर युरोपात झालेला एक मोठा अभ्यास २०१७ साली आला, त्यात गोळीने थकव्यात फरक पडला नव्हता. शिवाय डोस जास्त झाला तर हृदयाचे ठोके बिघडतात, हाडं ठिसूळ होतात, आणि आईची हाडं आधीच कमकुवत आहेत. हे सगळं समजतं हो. पण भर मे महिन्यात ती पंखा बंद करायला लावते, अंगात स्वेटर असतो. पोट साफ होत नाही. दुपारी विचारलेलं संध्याकाळी पुन्हा विचारते. यात वयाचं किती आणि थायरॉईडचं किती, कसं ओळखायचं?

कोणाच्या घरी सत्तरीपुढच्या व्यक्तीचा टीएसएच ७ ते १० मध्ये होता का? थांबलात की गोळी सुरू केलीत? केली असेल तर किती मायक्रोग्रॅमपासून, आणि आधी ईसीजी काढला होता का? विसरण्यात काही फरक पडला? अँटी-टीपीओ (थायरॉईडविरुद्धच्या अँटीबॉडीजची तपासणी) आणि बी१२ पुढच्या वेळी सोबतच करून घ्यावं असा विचार आहे.

अजून एक. गोळी सुरू झालीच तर ती उपाशीपोटी घ्यायची आणि कॅल्शियम चार तासांनी. आईला उठल्या उठल्या चहा लागतो, त्यात ती ऐकणार नाही. रात्री झोपताना गोळी घेणारं कोणी आहे का इथे? जेवणानंतर किती वेळ सोडता?