मदत हवी आहे: मामांच्या जुन्या निकॉन लेन्सना बॉडी कुठली, एफ३, एफ४ की एफ५?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

फिल्म कॅमेऱ्यांवरचे इथले जुने धागे चाळले, पण माझं गणित जरा वेगळं आहे म्हणून नवा धागा काढतोय.

मामांचा सांगलीत गावभागात फोटो स्टुडिओ होता. डिजिटल आल्यावर तो बंद पडला, बॉडी विकली गेली, लेन्स तेवढ्या राहिल्या. २४ मिमी २.८, ५० मिमी १.४ आणि १०५ मिमी २.५ या तीन एआय (लावलेलं अपर्चर कड्यावरच्या खाचेनं बॉडीला कळवणाऱ्या), म्हणजे १९७७ नंतरच्या. चौथी ३५ मिमी २ त्याच्याही आधीची, एआय न केलेली. २०१९ च्या पुरात खालची जागा पाण्यात गेली. लेन्स माळ्यावर होत्या म्हणून वाचल्या, पण नंतरच्या ओलीनं २४ च्या आतल्या भिंगावर बुरशी धरलीय. ५० आणि १०५ मात्र चकाचक.

काढायचं आहे ते मिरजेच्या सतारमेकर गल्लीतलं काम, कृष्णधवल रोलवर. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तिथे मोबाईल घेऊन येणारे खूप वाढलेत. मला घाई नाही, वर्षभर जात राहीन. अडचण दोन गोष्टींची. पहिली उजेडाची. दारातून येतो तेवढाच, आत एखादी ट्यूब. ४०० चा रोल, अपर्चर १.४, तरी शटर १/६० च्या वर जात नाही. दुसरी आवाजाची. जवारी, म्हणजे तारेचा झंकार, काढताना कारागीर तार टेकते त्या घोडीवरून कानस हलकेच फिरवतो, तार छेडतो, मान तिरकी करून ऐकतो, परत कानस. मित्राचा डिजिटल घेऊन गेलो होतो, तो ऐकत असतानाच मी खटाखट चार फोटो काढले. काका वर न बघता म्हणाले, "जरा थांबा की, ऐकू द्या." त्यात काय चुकीचं आहे? त्यांचं सगळं काम कानावर.

आता बॉडी. कागदावर प्रत्येक पिढी आधीच्या पिढीपेक्षा सरस दिसते. एफ३ १९८० चा, अपर्चर ठरवा, शटर कॅमेरा ठरवतो. एफ४ १९८८ चा, ऑटोफोकस, मोटर बॉडीतच, १/८००० पर्यंत शटर. एफ५ १९९६ चा, सेकंदाला आठ फ्रेमपर्यंत, १००५ पिक्सेलचा रंग ओळखणारा मीटर. तिन्ही वापरलेले मिळतात, आणि गंमत म्हणजे मी बघतोय तिथे एफ४ सगळ्यात स्वस्त आहे. मग सरळ एफ५ का घेऊ नये? चष्मा आहे, हेही लक्षात घ्या.

लालदिवा

एफ५ का नको, तर तुमच्या लेन्समुळे. ज्या मीटरसाठी एफ५ घ्यायचा, तो मॅट्रिक्स मीटर (फ्रेमचे भाग पाडून सगळीकडचा उजेड तोलणारा) तुमच्या लेन्सवर चालतच नाही, कारण लेन्समध्ये चिप लागते. एआय लेन्स लावली की उरतं सेंटर-वेटेड (मधल्या भागावर भर) आणि स्पॉट (एका ठिपक्यापुरतं). ऑटोफोकसला तर लेन्सच नाही. ती ३५ लावायचा विचारही करू नका, एआय न केलेली लेन्स बॉडीच्या कडेची पट्टी मोडू शकते. म्हणजे आठ पेन्सिल सेल आणि सव्वा किलोची बॉडी गळ्यात अडकवून तुम्ही एफ३ चंच काम करणार. जे नवीन आहे ते सगळं बंद.

एफ३ घ्या, पण एचपी फाइंडरवाला. चष्मा घालूनही डोळा २५ मिमी लांब ठेवून पूर्ण फ्रेम दिसते. मीटरचा ८० टक्के भार मधल्या १२ मिमीच्या वर्तुळावर, त्यामुळे दारातला उजेड मागे असला तरी कारागिराच्या हातावर वर्तुळ धरायचं, एक्स्पोजर लॉक दाबायचं आणि फ्रेम जुळवायची. बाहेरची मोटर लावूच नका.

माळबंगला

लालदिवा यांच्याशी एफ५ बाबत शंभर टक्के सहमत, एफ४ ला मात्र तुम्ही नुसतं ओलांडून गेलात. एफ४ एआय लेन्सवरही मॅट्रिक्स मीटर देतो! एफ५ ला जे जमत नाही ते त्याच्या आधीच्या पिढीला जमतं. शिवाय ती ३५ पण चालते, पट्टी वर उचलायची, अपर्चर हव्या आकड्याला प्रत्यक्ष बारीक करून मीटर घ्यायचं. फाइंडरमधले आकडे अंधारात उजळतात. एफ३ मध्ये त्यासाठी ते इवलंसं लाल बटन, दाबताना बोट दुखतं आणि दिवा लागलाय की नाही कळत नाही. अंधारी खोली हीच अडचण असेल तर हे महत्त्वाचं नाही का?

आवाजासाठी एफ४ ला सीएस म्हणजे मंद मोड आहे, रोल हळू पुढे सरकतो.

लालदिवा

ते बरोबर, एफ३ चा दिवा टाकाऊच आहे. पण हळू म्हणजे गप्प नव्हे. एफ४ मध्ये क्लिक झालं की लगेच मोटर रोल ओढते, तुम्ही सांगा न सांगा. एफ३ मध्ये आरसा खटकतो, तो तर कुठल्याही एसएलआरचा खटकणारच. पण रोल पुढे न्यायचा तो अंगठ्यानं, आणि कधी ते तुम्ही ठरवता. काकांची कानस परत सुरू झाली की लिव्हर ओढा, कुणाला पत्ता लागणार नाही.

हायपो

एफ६ घ्या, २००४ चा. तिघांपेक्षा शांत, आणि लेन्सची माहिती भरली की एआयवर मॅट्रिक्स पण देतो.

कृष्णाकाठ

हायपो, त्या पैशात मी सतार घेईन आणि वाजवायला पण शिकेन :)

माळबंगला, मॅट्रिक्सचं माहीतच नव्हतं, आभार. एफ२ चं काय? तो तर सेलशिवाय चालतो म्हणतात.

माळबंगला

१९७१ चा, शटर पूर्ण यांत्रिक, सेल फक्त मीटरला. सुंदर वस्तू. पण मीटर फाइंडरच्या डोक्यात असतो, आणि कुठलं डोकं कुठल्या लेन्सशी जुळतं ते बघावं लागतं. इतक्या वर्षांनी ते मीटर खरं बोलेल याची खात्री नाही. हातातला मीटर वापरायची सवय असेल तरच. तसं बघाल तर एफ३ ला पण सेल संपल्यावर एक लिव्हर आहे, १/६० वर शटर चालतं. तुमचं काम १/६० वरच चाललंय!

हायपो

थट्टा सोडा, बघायला जाल तेव्हा हे करा. एफ३ मध्ये घड्याळवाल्याकडचे दोन बटन सेल घालून मोबाईलच्या मीटर अॅपशी ताडून बघा, आधी ढगाळ आभाळाखाली, मग खोलीत. मागचं झाकण उघडून उजेडाकडे धरा आणि १/२००० वर दाबा, पूर्ण खिडकी एकसारखी उजळली पाहिजे. टायटॅनियमच्या पडद्याला बोट लावू नका. आरशाजवळचा फोम चिकट झाला असेल तर ते काम स्वस्तातलं, त्यावरून भाव पाडा. एफ४ असेल तर फाइंडरच्या एलसीडीत कडेनं शाई पसरल्यासारखे काळे डाग येतात, ते बघा. सेलचा कप्पा उघडून पांढरा-हिरवा क्षार दिसला तर तिथूनच परत फिरा.

आणि ती २४ बाकीच्या लेन्सपासून आजच लांब ठेवा. स्वतः उघडू नका. बुरशीनं कोटिंग खाल्लं असेल तर पुसूनही डाग राहतो, पण फोटोत बहुधा दिसत नाही, उजेड समोरून आला तरच धुरकटपणा येतो. चामड्याच्या केसमधून सगळ्या लेन्स बाहेर काढा, चामडं ओल धरून ठेवतं. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल, दाणे निळ्याचे गुलाबी झाले की तापवून परत वापरायचे. रोल कुठे धुणार?

कृष्णाकाठ

घरीच, मामांची टाकी आहे. उन्हाळ्यात नळाचंच पाणी तीसच्या वर असतं, म्हणून डेव्हलपरची बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवून वीस अंशांवर आणतो.

कोल्हापुरात एकाकडे एफ३ एचपी आणि एफ४एस (सहा सेलच्या मोठ्या कप्प्याचा एफ४) दोन्ही आहेत, रविवारी जातोय. मन एफ३ कडे झुकलंय. ५० आणि ३५ सोबत नेतो, आणि लालदिवा यांनी आवाजाचं म्हटलंय म्हणून दोन्हींचा आवाज बंद खोलीत ऐकून बघतो.

माळबंगला

३५ लावण्याआधी कडेची पट्टी वर उचललीय ना, एवढं बघा. दुकानदार "बसते हो, जरा जोर लावा" म्हणाला तरी लावू नका. आणि एफ४एस हातात घेण्याआधी आत सहा सेल घालायला सांगा, रिकामी बॉडीच १२८० ग्रॅम आहे.