सान काशानो देई बान्यी: ब्राँझचे पुतळे नक्की कधी पुरले?

शिसवी
इटलीतल्या तोस्कानाच्या दक्षिण टोकाला, सिएना प्रांतात हे गरम झऱ्यांचं छोटं गाव आहे. तिथे 2022 साली सापडलेल्या पुतळ्यांबद्दल दोन वेगळ्या गोष्टी वाचल्या. एका लेखात म्हटलंय की ख्रिस्ती धर्म आल्यावर, पाचव्या शतकात, पुतळे कुंडात लपवले. दुसऱ्यात म्हटलंय की ते पहिल्याच शतकात, वीज पडल्यावर पुरले. बरोबर कोणतं? शिवाय सुमारे 40 अंशांच्या पाण्यात ब्राँझ दोन हजार वर्षं टिकलं कसं?

थरावरथर
दोन्ही घटना घडल्या, पण त्या वेगळ्या. शोध जाहीर झाला 8 नोव्हेंबर 2022 ला. तेव्हाच्या बातम्यांत दोन्हींची सरमिसळ झाली आणि बरेच लेख अजून तिथेच अडकलेत.

कुंड वरून खाली वाचा. सगळ्यात वर आडवे टाकलेले दगडी खांब. हे पाचव्या शतकाच्या सुरुवातीचं, देवस्थान बंद केलं तेव्हाचं. रोमन सम्राट थेओडोसियसच्या 391-392 च्या हुकुमांनी जुनी पूजा बेकायदा ठरली होती, त्यानंतरची ही घटना. तरी कोणी काही फोडलं नाही. कुंड नीट झाकून ठेवलं, आणि माझ्या मते ही सगळ्यात विलक्षण गोष्ट आहे. त्याखाली नाणी आणि नंतरच्या काळात नवसाने वाहिलेल्या वस्तू. त्याखाली कौलांचा थर, आणि कौलांखाली पुतळे. म्हणजे खांब टाकले तेव्हा पुतळे आधीच चारेक शतकं गाडलेले होते.

कौलांचा थर सम्राट तिबेरियसच्या काळातला (इ.स. 14 ते 37). तिथेच ब्राँझचा वज्राच्या आकाराचा तुकडा मिळाला. वीज पडलेली जागा एत्रुस्कन (रोमच्या सत्तेआधीपासून इथे राहणारे लोक) आणि रोमन दोघेही देवाची मानत. तिथल्या वस्तू विधीपूर्वक जमिनीत पुरायच्या आणि पुन्हा हात लावायचा नाही. लॅटिनमध्ये त्याला ‘फुल्गुर कॉन्दितुम’, म्हणजे पुरलेली वीज, म्हणतात. या पुतळ्यांचं तसंच झालं. म्हणून ‘लपवले’ हा शब्द चुकीचा, ‘विधीने पुरले’ म्हणा.

पुतळे मात्र सगळेच पुरण्याच्या काळातले नाहीत. ते इ.स.पू. दुसऱ्या ते इ.स. पहिल्या शतकातले. घडवण्याचा काळ आणि पुरण्याचा काळ एकच धरला की सगळा हिशेब चुकतो.

टांकसाळ
नाण्यांबद्दल एक भर. थरातलं सगळ्यात उशिराचं नाणं फक्त एवढंच सांगतं की थर त्याआधीचा नाही. झिजलेलं नाणं पन्नास-साठ वर्षं फिरून आलेलं असू शकतं, म्हणून त्यावरून नेमका काळ काढता येत नाही. इथली बरीचशी नाणी कोरी, टांकसाळीतून थेट आल्यासारखी आहेत. त्यामुळे नाणं पाडणं आणि ते देवाला वाहणं यांत अंतर कमी धरता येतं.

गाळउपसा
ब्राँझचं उत्तर पाण्यापेक्षा चिखलात आहे. ब्राँझमधलं तांबं गंजायला ऑक्सिजन लागतो. तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी विरघळतो, आणि बारीक गाळ घट्ट बसला की उरलेलाही आत पोचत नाही. उष्णतेने रासायनिक क्रिया जोरात होते हे खरं, पण क्रियेला लागणारी गोष्टच नसेल तर जोर कशाला येणार?

खरा धोका वस्तू वर काढल्यावर. धातूत क्लोराइड मुरलेलं असेल आणि वर दमट हवा मिळाली, तर आम्ल तयार होतं. ते आम्ल ताजं तांबं खातं, त्यातून पुन्हा आम्ल. पृष्ठभागावर फिक्या हिरव्या भुकटीचे ठिपके दिसले की समजावं, ‘ब्राँझचा रोग’ लागला. हवेतली आर्द्रता साधारण 40 टक्क्यांखाली ठेवली की तो आटोक्यात राहतो. लाकडाचं उलट: ओलं लाकूड घाईने वाळवलं तर पेशी चिकटून आकसतात. म्हणून आधी पाण्याच्या जागी पॉलिएथिलीन ग्लायकॉल (मेणासारखं रसायन) भरतात आणि मगच वाळवतात. एकाच कुंडातून निघालेल्या दोन वस्तूंना दोन विरुद्ध खोल्या लागतात.

आणखी एक. इटलीत नवसाचे हात-पाय, डोळे, आतडी बहुतेक भाजक्या मातीचे असत. इथे ते ब्राँझचे मिळाले. गरम झऱ्यालाच देव मानून धातू वाहिला, असं उत्खननाचे प्रमुख अभ्यासक याकोपो ताबोल्ली मांडतात. ते मला पटतं, कारण शिलालेखही थेट झऱ्याच्या देवतेला उद्देशून आहेत, एत्रुस्कन आणि लॅटिन दोन्ही भाषांत. रोमची सत्ता आल्यावरही इथे दोन्ही भाषांतले भक्त एकाच पाण्यापाशी येत होते.

शिसवी
आता घोळ सुटला. रोमन कवी होरेसने उल्लेखलेले ‘क्लुसियमचे झरे’ म्हणजे हेच का?

थरावरथर
गावाच्या माहितीत तसं सर्रास असतं, पण जपून. पहिल्या पत्रसंग्रहातल्या 15व्या पत्रात होरेस अंतोनियुस मुसा या वैद्याच्या थंड पाण्याच्या उपचाराबद्दल बोलतो, आणि क्लुसियमचे झरे त्याच ओघात येतात. सान काशानोचं पाणी गरम. क्लुसियम, म्हणजे आजचं किउसी, जवळ आहे म्हणून ओळख पटवली गेली, पण वाक्य तसं म्हणत नाही.

पायवाट
जाणार असाल तर नाव पूर्ण लिहून शोधा. सान काशानो इन वाल दि पेसा हे फ्लॉरेन्सजवळचं, राजकीय विचारवंत मॅकियावेलीमुळे ओळखलं जाणारं गाव वेगळं. इथे रेल्वेने यायचं तर किउसी-किआनचानो तेर्मे स्थानकावर उतरा, पुढे रस्त्याने. निघण्याआधी पुतळे कुठे आहेत ते पाहा. 2023 मध्ये ते रोमच्या क्विरिनाल प्रासादात होते, 2024 मध्ये नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात. गावातल्या सोळाव्या शतकातल्या वाड्यात संग्रहालय करायचं सरकारने ठरवलंय.